मेंदूपर्यंत औषध पोचवायचे कसे? नॅनोकणांची गोष्ट

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सांगलीहून वहिनींचा फोन आला. "वन्सं, तिकडे अमेरिकेत नॅनो औषध निघालंय म्हणे, थेट मेंदूत जातं. इथे एक जण त्याच्या कॅप्सूल देतोय. तीन महिन्यांचे नव्वद हजार. ह्यांच्यासाठी एफडी मोडू का?"

माझ्या दादाला सहा वर्षांपासून पार्किन्सन आहे. हात थरथरतो, शर्टाची बटणे लावता येत नाहीत. मी न्यू जर्सीत औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे नोकरी केली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. वहिनींना जे सांगितले तेच इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण असे फोन आपल्यापैकी अनेकांना येत असणार.

मेंदूचे बंद दार

शरीरात इतरत्र रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून औषध थोडेफार झिरपते. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधे फटच राहत नाही. रक्तातले विष आणि जंतू मेंदूत शिरू नयेत म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. पण तीच औषधालाही अडवते.

दादाचेच उदाहरण घ्या. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामिन कमी पडते. मग डोपामिनच का देत नाहीत? कारण ते हे दार ओलांडू शकत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात. प्रथिनांतली अमिनो आम्ले ज्या वाटेने मेंदूत जातात त्याच वाटेने लेव्होडोपा आत जाते आणि तिथे तिचे डोपामिन होते.

रक्तात टिकून राहायचे कसे?

नॅनोकण म्हणजे औषध भरलेली अतिसूक्ष्म कुपी. आकार साधारण १०० नॅनोमीटर. आपला केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून कल्पना करा. असे कण बहुधा पीएलजीए नावाच्या पदार्थाचे करतात. शस्त्रक्रियेतले आपोआप विरघळणारे टाके याच जातीचे असतात. शरीरात त्याचे हळूहळू विघटन होते आणि त्यातून निघणारे एक आम्ल तर दह्यातलेच, लॅक्टिक आम्ल.

पण कण शिरेत टोचला की रक्तातली प्रथिने त्याला चिकटतात. यकृत आणि प्लीहा यांतल्या भक्षक पेशी ती खूण ओळखून थोड्याच वेळात त्याला गिळून टाकतात. मेंदूपर्यंत पोचायला वेळच मिळत नाही.

यावर उपाय निघाला तो पीईजीचा. बद्धकोष्ठावर आपण मिरालॅक्सची पूड पाण्यात घालून घेतो, ती म्हणजे पीईजीच. त्याच्या लांब साखळ्या कणावर ब्रशच्या केसांसारख्या बसवल्या की त्या पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांना सहजी चिकटू देत नाहीत. १९९४ साली एमआयटीच्या रॉबर्ट लँगर यांच्या गटाने असे दीर्घकाळ रक्तात फिरणारे कण 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. १९९५ मध्ये याच तत्त्वावरचे डॉक्सिल हे कर्करोगाचे औषध अमेरिकेत मंजूर झाले. त्यातले मूळ औषध नुसते दिले तर काही मिनिटांतच रक्तातले त्याचे प्रमाण झपाट्याने उतरते. पीईजीच्या वेष्टनात ते काही दिवस फिरत राहते.

आकारही जपावा लागतो. पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून निघून जातात, दोनशेपेक्षा मोठे प्लीहेत अडकतात. शिवाय काहींच्या शरीरात पीईजीविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढचा डोस लवकर बाहेर टाकला जातो.

टिकणे म्हणजे पोचणे नव्हे

इथेच बहुतेक जाहिराती गफलत करतात. रक्तात टिकल्याने कणाला दारापुढून पुन्हा पुन्हा जाण्याची संधी मिळते एवढेच. दार उघडायला वेगळी किल्ली लागते. म्हणून कणावर असे रेणू जोडून पाहतात, जे ओळखून केशवाहिनीची पेशी त्याला स्वतःहून आत ओढून घेईल. गंमत अशी की ब्रश फार दाट झाला तर किल्लीच झाकली जाते. हा तोल साधणे हेच या विद्येतले खरे कसब.

या कामात आपला एक माणूस आहे याचा मला अभिमान वाटतो. नागपूर विद्यापीठात शिकलेले डॉ. विनोद लाभसेटवार यांनी क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये या विषयावर बरेच संशोधन केले. २००९ मध्ये त्यांच्या गटाने पक्षाघात घडवलेल्या उंदरांना एका संरक्षक एन्झाइमने भरलेले नॅनोकण दिले, तेव्हा मेंदूची हानी कमी झाली. पण हे कण मानेतल्या, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत टोचले होते. दंडातल्या शिरेत टोचून तेवढेच औषध मेंदूत पोचवायचे तर वाट फार लांबची. आणि उंदरापासून माणसापर्यंतची वाट त्याहून लांब. पार्किन्सनसाठी एफडीएने आजवर असा एकही नॅनोकण मंजूर केलेला नाही.

पैसे देण्याआधी

कोणी 'नॅनो' म्हणून काही विकू लागला तर चार प्रश्न विचारा.

१. तोंडाने घ्यायचे की शिरेतून? वर सांगितलेले कण शिरेतून देतात. गिळलेल्या कॅप्सूलला आधी पोटातली आम्ले आणि पाचकरस भेटतात.

२. एफडीएची किंवा भारतात औषध नियंत्रकांची मंजुरी आहे का? नसेल तर चाचणी कुठे नोंदली आहे? अमेरिकेत क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह आणि भारतात सीटीआरआय या याद्या कोणालाही फुकट पाहता येतात. मात्र यादीत नाव असणे म्हणजे सरकारची शिफारस नव्हे.

३. माणसांवर तपासले की फक्त उंदरांवर?

४. चाचणी असेल तर औषधाचे पैसे का मागता? प्रामाणिक चाचणीत प्रयोगातल्या औषधाची किंमत सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. अमेरिकेत मान्यताप्राप्त चाचणीतला नेहमीच्या तपासण्यांचा खर्च मेडिकेअर २००० सालापासून देते, आणि २०१४ पासून बहुतेक खाजगी विम्यांनाही तो द्यावा लागतो. भेटीला आलेल्या आईवडिलांच्या व्हिजिटर पॉलिसीवर मात्र विसंबू नका.

वहिनींनी एफडी मोडली नाही. बोलता बोलता मी विचारले, दादा गोळी कधी घेतो? तर म्हणाल्या, "सकाळी पेलाभर दुधाबरोबर, दुपारी वरणभात झाल्यावर." दूध आणि वरण म्हणजे प्रथिने, आणि तीही त्याच वाटेने मेंदूत शिरू पाहतात! मी त्यांना डॉक्टरांशी बोलायला सांगितले. त्यांनी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली. आजार तिथेच आहे, पण दुपारचे दोन तास आता बरे जातात. परवा दादाने फोनवर सांगितले, वरची दोन बटणे आज त्याची त्यानेच लावली.

आपल्या घरी कोणी लेव्होडोपा घेत असेल तर एवढे जरूर विचारून पाहा. वेळ मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदला.