ऐकलेला देव आणि ओळखीचा देव

वाचन : योहान ४:५-४२, ईयोब ४२:१-६



राजूरचा पेढा कसा लागतो, हे परगावच्या पाहुण्याला आपण कितीही रंगवून सांगितले तरी तो जिभेवर ठेवल्याशिवाय त्याला चव कळत नाही. देवाच्या बाबतीतही असेच आहे. चौतिसाव्या स्तोत्रातला भक्त देवाच्या चांगुलपणाची नुसती माहिती देत नाही. तो चांगुलपणा स्वतः चाखायला आपल्याला बोलावतो.

आपल्यापैकी बहुतेकांना श्रद्धा घरातूनच मिळाली आहे. आजीने क्रुसाची खूण करायला शिकवली, आईने रोझरी शिकवली, फादर आणि सिस्टर यांनी धर्मशिक्षण दिले. ही फार मोठी देणगी आहे. पण घरचे जातात म्हणून मिस्साला जायचे आणि पाठ आहे म्हणून प्रार्थना म्हणायची, एवढ्यावरच आपण थांबलो तर? गावात असेपर्यंत ते निभावते. मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी नाशिकला, पुण्याला जाते, खोली घेऊन राहते. तिथे रविवारी सकाळी उठवायला कोणी नसते. स्वतःची देवाशी ओळख झालेली नसेल तर भांडण नाही, वाद नाही, श्रद्धा नुसती हातातून सुटत जाते. घरच्यांना ते कळतही नाही.

विहिरीजवळची भेट

शोमरोनी स्त्री भर दुपारी पाणी भरायला आली आणि तिला प्रभू येशू भेटला. त्याने तिच्या आयुष्यातली अवघड गोष्ट बोलून दाखवली, पण तिला हिणवले नाही. घागर तिथेच ठेवून ती गावात धावली. तिच्या साक्षीमुळे पुष्कळांनी विश्वास ठेवला. मात्र गावकरी तिथे थांबले नाहीत. त्यांनी येशूला दोन दिवस आपल्याकडे ठेवून घेतले. मग ते त्या स्त्रीला म्हणाले की, आता आमचा विश्वास तुझ्या सांगण्यावर टेकलेला नाही, आम्ही स्वतः त्याचे ऐकले आहे. तिची साक्ष खोटी ठरली नाही. तिने तिचे काम पूर्ण केले. आई-वडिलांच्या आणि धर्मशिक्षकांच्या साक्षीचेही हेच काम असते : आपल्याला प्रभूपर्यंत नेऊन सोडणे.

आपल्या जिल्ह्यातले एक उदाहरण

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना हा मोठा धक्का होता. पती ख्रिस्ती झाले म्हणून त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही काळ त्या वेगळ्या राहिल्या. पुढे पतीजवळ आल्या तरी सोवळे-ओवळे पाळत राहिल्या. टिळकांचे वास्तव्य अहमदनगर आणि राहुरी येथे, म्हणजे आजच्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात होते. हळूहळू लक्ष्मीबाई स्वतः विचार करू लागल्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडवला आणि तो माणसाने केलेला आहे असे पटताच कोणाच्याही हातचे पाणी घेण्याची त्यांची तयारी झाली. पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक दांपत्य प्रोटेस्टंट मंडळीतले. पण लक्ष्मीबाईंचा हा प्रवास आपणा सर्वांना शिकवणारा आहे. घरात एवढा विद्वान आणि भक्तिमान पती असूनही त्यांनी त्याची श्रद्धा उसनी घेतली नाही. त्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. तरी १९१९ साली टिळक वारले तेव्हा अपुरे राहिलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. येशूचे चरित्र केवळ पतीकडून ऐकलेले असते तर हे घडले नसते.

ओळख कशी वाढते?

देवाशी वैयक्तिक नाते म्हणजे देवमंदिराची गरज नाही, असे नव्हे. पवित्र मिस्सा आणि संस्कार यांतच प्रभू आपल्याला भेटतो. आपण मात्र त्या भेटीला मनाने हजर असायला हवे.

१. येत्या रविवारचे शुभवर्तमान शनिवारी रात्री घरी वाचा. प्रभू यात मला काय सांगतो, असा प्रश्न करून पाच मिनिटे शांत बसा.

२. पाठ प्रार्थनेनंतर थोडे स्वतःच्या शब्दांत, घरी बोलतो त्या बोलीत बोला. पिकाची काळजी, कर्ज, मुलांची शाळा, मनातला राग, सगळे सांगा. आविलाच्या संत तेरेजा प्रार्थनेला आपल्यावर प्रेम करणाऱ्या मित्राशी केलेला संवाद मानत.

३. ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर जागेवर बसून प्रभूशी निदान दोन वाक्ये बोला. प्रायश्चित्त संस्कारात ठरावीक यादी न म्हणता खरे काय ते सांगा.

४. ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्याकडे पाहा. शेजाऱ्याला टाळून देवाची ओळख पुढे सरकत नाही.

काहीच वाटत नाही तेव्हा

काही जण म्हणतील, आम्ही प्रार्थना करतो, पण आतून काहीच जाणवत नाही. त्यांनी खचून जाऊ नये. कोलकात्याच्या संत तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की अनेक वर्षे त्यांच्या मनात अंधार होता. तरी त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि गरिबांची सेवाही सोडली नाही. ईयोबानेही देवाकडे तक्रार केली, पण तोंड फिरवले नाही. शेवटी त्याने कबूल केले की, आधी देव त्याला कानांनी ऐकून माहीत होता, आता तो डोळ्यांनी दिसला. नाते भावनेवर नव्हे, निष्ठेवर टिकते.

चिंतनासाठी

- उद्या मी अनोळखी शहरात एकटा राहिलो, तर माझी कोणती प्रार्थना माझ्यासोबत येईल?
- या आठवड्यात मी प्रभूला कोणती गोष्ट सांगायची टाळत आहे?
- माझी मुले मला कधी एकट्याने प्रार्थना करताना पाहतात का?

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या वाडवडिलांनी तुझे नाव आम्हाला दिले, त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आता तू स्वतः आमच्या घरी ये आणि राहा. तुझे शब्द आमच्या कानी पडू दे आणि तुझी ओळख आमच्या मनात वाढू दे. आमेन.