बालकाचे ताट आणि शासनाचे धोरण

प्रस्तावना

एखाद्या बालकाचे वजन वाढत नसले, ते वारंवार आजारी पडत असले, तर आपण बहुधा त्याच्या आईला किंवा नशिबाला दोष देतो. परंतु बालकाचे पोषण ही केवळ घरची बाब नाही. त्यामागे विज्ञान असते, शासनाचे धोरण असते आणि नागरिकांची जागरूकताही असते. म्हैसूरच्या उदाहरणातून हा संबंध या पाठात आपण समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• बालपोषणातील संशोधन व धोरण यांचा संबंध सांगता येईल.
• बालकांच्या आहारविषयक हक्कांची माहिती देता येईल.
• हे हक्क मिळवण्यासाठी कोणते प्रयत्न करावेत, हे स्पष्ट करता येईल.

मूळ पाठ

म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसरा आणि चंदनाचा सुगंध आठवतो. याच शहरात राजकन्येसाठी बांधलेला चेलुवांबा महाल आहे. 1950 साली या महालात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. धान्याची टंचाई होती आणि प्रथिनांच्या अभावामुळे असंख्य बालकांची वाढ खुंटत होती.

दूध महाग, डाळ अपुरी; मग प्रथिने आणायची कोठून? संस्थेतील शास्त्रज्ञांनी याचे उत्तर आपल्याच शेतमालात शोधले. शेंगदाण्याचे तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीचे खाण्यायोग्य पीठ तीन भाग व हरभऱ्याचे पीठ एक भाग घेऊन, त्यात जीवनसत्त्वे व कॅल्शियम मिसळून त्यांनी स्वस्त आणि सकस 'बहुउद्देशीय अन्न' तयार केले. म्हशीचे दूध तान्ह्या मुलाला पचायला जड असते. त्यावर प्रक्रिया करून शिशुआहार बनवण्याची पद्धतही येथेच विकसित झाली. पुढे गुजरातमधील आणंदच्या सहकारी दूध संघाने 'अमूल' या नावाने हा आहार बाजारात आणला.

मात्र शोध लागला म्हणजे बालकाची भूक भागली, असे होत नाही. डब्यातील अन्न ज्याला परवडते त्याच्याच घरी जाते. शिवाय जाहिरातीला भुलून आईने स्तनपान सोडले आणि अस्वच्छ पाण्यात पूड कालवली, तर तेच अन्न अपायकारक ठरते. म्हणूनच 1992 साली संसदेने कायदा करून मातेच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीस मनाई केली. विज्ञानाने साधन दिले. त्याचा योग्य वापर व्हावा म्हणून धोरणाची गरज भासली.

धोरणाचे दुसरे उदाहरणही म्हैसूर जिल्ह्यातीलच आहे. कावेरी आणि कपिला या नद्यांच्या संगमावर टी. नरसीपूर हे गाव वसले आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. कर्नाटकातील पहिला प्रकल्प टी. नरसीपूर येथे शंभर अंगणवाड्यांनिशी उभा राहिला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालेयपूर्व शिक्षण या सहा सेवा एकाच छत्राखाली आल्या. यामागील विचार साधा होता. जुलाबाने अशक्त झालेल्या मुलाला केवळ खाऊ देऊन भागत नाही. त्याला औषध, लस, शुद्ध पाणी आणि जाणती आई, या सर्वांचीच गरज असते.

तरीही अनेक वस्त्यांपर्यंत अंगणवाडी पोहोचली नाही. 2001 साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. गोदामांत धान्य साठलेले असताना माणसे उपाशी का, असा तिचा प्रश्न होता. त्याच वर्षी न्यायालयाने शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला. 2006 च्या आदेशात तर असे म्हटले, की सहा वर्षांखालील किमान 40 बालके असलेल्या वस्तीत अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळावी. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा माता, अंगणवाडीतील बालके आणि आठवीपर्यंतचे विद्यार्थी यांच्या आहाराला कायदेशीर हक्काचे स्वरूप दिले. त्याच वर्षी कर्नाटकाने 'क्षीरभाग्य' योजनेतून मुलांना दूध देण्यास प्रारंभ केला.

वरील आदेशातील 'मागणी' हा शब्द लक्षात घ्या. मागणी करणारे कोणी नसेल, तर आदेश कागदावरच राहतो. त्यासाठी मोठे पद किंवा पदवी लागत नाही. आपल्या मुलाचे वजन दरमहा नोंदवले जाते का, आहार नियमित मिळतो का, हे पाहता येते. आढळलेली उणीव तारखेसह लिहून ठेवता येते. ग्रामसभेत ती मांडता येते. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे व राज्य अन्न आयोगाकडे दाद मागता येते. एकट्याने मांडलेल्या गाऱ्हाण्यापेक्षा वस्तीतील दहा मातांनी मिळून केलेल्या अर्जाची दखल लवकर घेतली जाते. मात्र असे करताना तुटपुंज्या मानधनावर राबणारी अंगणवाडीसेविका आपली प्रतिपक्षी नव्हे, सहकारी आहे, हे विसरू नये.

बालकाला मत नसते. त्याच्या वतीने बोलणे हे प्रौढांचे कर्तव्य आहे. बालपणी राहून गेलेली वाढ पुढे भरून काढणे अतिशय कठीण असते. म्हणून हे बोलणे वेळेवर व्हायला हवे.

शब्दार्थ

सकस – पोषक. पेंड – तेल काढल्यावर उरणारा चोथा. स्तनदा – अंगावर पाजणारी. संदर्भ सेवा – पुढील उपचारांसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवणे. दाद मागणे – न्यायाची मागणी करणे.

स्वाध्याय

1. बहुउद्देशीय अन्न कशापासून तयार केले गेले?
2. 'शोध लागला म्हणजे बालकाची भूक भागली, असे होत नाही.' हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
3. तुमच्या परिसरातील अंगणवाडीला भेट द्या. तेथे मिळणाऱ्या व न मिळणाऱ्या सेवांची नोंद करून ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस विनंतीपत्र लिहा.