मुखपृष्ठ तुझ्याच अक्षरात काढ

नववीत गेलीस, आणि बाईंनी मराठीची उपक्रमवही करायला सांगितली. आता तू मला म्हणणार, "ताई, मला चित्रकला येत नाही गं. झेरॉक्सच्या दुकानातून एक छान रंगीत प्रिंट काढून आणते आणि चिकटवते." थोडं थांब. माझं ऐकून घे, मग काय ते ठरव.

ही भाषेची वही आहे. तिच्यावर चित्र असायलाच हवं, असा काही नियम नाही. अक्षरंच चित्र होऊ शकतात, आणि आपली देवनागरी त्यासाठी फार देखणी आहे. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी जी शीर्षकं काढली, ती नुसती पाहूनही नाटकाचा बाज कळायचा. र. कृ. जोशी आणि अच्युत पालव यांनी तर आयुष्यच अक्षराला दिलं. पालवांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती सुलेखनासाठीच. तेव्हा 'चित्र येत नाही' ही अडचण मनातून काढून टाक. तुला अक्षर येतं, तेवढं पुरे.

प्रिंट नको असं मी म्हणते, त्याला आणखी एक कारण आहे. त्या तयार चित्रांमध्ये बहुतेक वेळा शाईच्या दौतीत खोचलेलं पीस असतं. आपल्याकडे लिहिणारे हात पिसानं लिहीत नव्हते गं, बोरूनं लिहीत होते. मराठीच्या वहीवर बोरू शोभतो. पोथी शोभते. अलिबागजवळच्या अक्षी गावचा शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012 चा शिलालेखही शोभतो. नाही तर मोडीत लिहिलेलं तुझं नाव काढ. यातलं एकच काहीतरी निवड. सगळं एका पानावर कोंबलंस तर बघणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही.

किंवा आणखी सोपं सांगू? आजीजवळ जाऊन बस आणि तिच्या बोलीतले शब्द विचार. मालवणीत मुलीला चेडू म्हणतात, वऱ्हाडीत पोट्टी, अहिराणीत मुलग्याला आंडोर. असे शब्द बारीक अक्षरात एकापुढे एक लिहीत पानाच्या चारही कडांनी फिरव. तुझी चौकट तयार! अशी चौकट वर्गात दुसऱ्या कुणाचीच नसेल, कारण अशी आजी दुसऱ्या कुणाची नाही.

आता प्रत्यक्ष काम. आधी साध्या कागदावर कच्चं करून बघ, चांगल्या कागदाला लगेच हात लावू नकोस. ए-फोर कागद 21 सेंटिमीटर रुंद आणि 29.7 सेंटिमीटर उंच असतो. डाव्या बाजूला 3 सेंटिमीटर मोकळे सोड. वही शिवताना किंवा भोकं पाडताना तेवढी जागा जातेच, आणि मग पहिलं अक्षर अर्धं गिळलं जातं. शीर्षक पानाच्या वरच्या भागात घे. चित्र असेल तर मधे. नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, शाळा आणि शैक्षणिक वर्ष खाली, एका रांगेत, एकाच मापात.

शीर्षकाची अक्षरं काढताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो जागेचा. 'कुमारभारती' हा शब्द घे. 'कु'चा उकार खाली उतरतो, 'ती'ची वेलांटी वर चढते. म्हणून नुसत्या दोन रेघा मारून भागत नाही. पेन्सिलनं चार रेघा हलक्या हातानं आख. दुसरी रेघ शिरोरेषेची, तिसरीवर अक्षर टेकेल. पहिली मात्रा-वेलांटीची हद्द आणि चौथी उकाराची. अक्षर 3 सेंटिमीटर उंच असेल तर वर आणि खाली दीड-दीड सेंटिमीटर ठेव. शब्द आधी पेन्सिलनं पूर्ण लिही, किती जागा खातो ते बघ, मगच पक्का कर.

कट निबचं पेन नसेल तर आईकडे मागत बसू नकोस. दोन पेन्सिली शेजारी शेजारी धरून रबर बँडनं बांध आणि त्यांनी लिही. दोन समांतर रेघांचं अक्षर उमटेल, मधली जागा रंगानं भरायची. जाड-बारीक वळणं आपोआप येतील. मात्र हात एकाच कोनात धर. मधेच कोन बदललास की एक अक्षर जाड आणि शेजारचं मरतुकडं दिसतं.

वळण मराठी ठेव. 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. संगणकावरचे कित्येक फॉन्ट हिंदी वळणाचे असतात, ते बघून गिरवू नकोस. रंग दोन पुरेत, तिसरा काळा. पांढऱ्यावर पिवळं अक्षर लांबून वाचताच येत नाही. शाई पूर्ण वाळल्याशिवाय खोडरबर फिरवायचा नाही. आणि स्केचपेनच्या रंगावर ओला डिंक लागला तर तो पसरतो, म्हणून काही चिकटवायचं असेल तर ग्लू स्टिक वापर.

शेवटी शुद्धलेखन. आत एखादी चूक झाली तर बाई लाल खूण करतात आणि पान उलटतात. मुखपृष्ठावरची चूक वर्षभर मिरवते. 'विद्यार्थिनी'त 'र्थि' ऱ्हस्व आहे. 'मुखपृष्ठ'मध्ये 'ष्ठ' आहे, 'ष्ट' नाही. शाईनं गिरवण्याआधी प्रत्येक शब्द शब्दकोशात बघ किंवा बाईंना दाखव. विचारण्यात कमीपणा नाही.

नमुने हवेतच तर 'किशोर' मासिकाचे जुने अंक चाळ. बालभारती 1971 पासून ते काढते आहे. शीर्षक कुठे ठेवलंय, मोकळी जागा किती सोडलीय, एवढंच त्यातून शिक. चित्र मात्र उचलू नकोस.

आणि हे बघ, बाबा किंवा दादा "दे, मी काढून देतो" म्हणाले तर हसून नको म्हण. तुझी शिरोरेषा थोडी वाकडी आली तरी चालेल. मुखपृष्ठ तुझ्या हातचं असू दे, एवढंच माझं तुला सांगणं.