फाईलच्या नावावर जाऊ नकोस गं

अगं, मावशीच्या लग्नाची सीडी लॅपटॉपला लावली आणि ‘डॅट’ असलं काहीतरी दिसलं म्हणून एवढी घाबरलीस? ती फाईल बिघडलेली नाही. ती व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी; तिचा व्हिडिओ असाच ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेला असतो. आत साधा एमपीईजी-१ असतो, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ३५२ बाय २८८ मापाचा. डीव्हीडी असती तर व्हीओबी फाईली दिसल्या असत्या, एकाच लग्नाचे एकेक जीबीपर्यंतचे तुकडे.

आपल्याकडे डब्यावर ‘साखर’ लिहिलेलं असतं आणि आत रवा निघतो, तसंच हे. एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही ही डब्यांची नावं. आत व्हिडिओ कुठल्या कोडेकनं दाबून भरलाय, ते वेगळंच. म्हणून एक एमकेव्ही टीव्हीवर चालते आणि दुसरी चालत नाही.

आधी सीडीवरची फाईल लॅपटॉपवर कॉपी कर. सीडी ओरखडलेली असेल तर पुन्हापुन्हा लावून तिचे हाल नको करूस. मग व्हीएलसीत उघड. १९९६ साली पॅरिसच्या एका कॉलेजातल्या मुलांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेला हा प्लेअर फुकट आहे आणि बहुतेक कोडेक त्याच्या पोटातच असतात. म्हणून नीट ऐक: एखादा व्हिडिओ ‘आधी हा कोडेक टाका’ म्हणाला, की खिडकी बंद कर. लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायची ती फार जुनी युक्ती आहे.

विंडोजमध्ये फाईलच्या नावाचा शेवट दिसेल असं सेटिंग आजच करून टाक. ‘हळद.एमपी४.ईएक्सई’चा शेवटचा तुकडा लपला, तर तुला नुसतं ‘हळद.एमपी४’ दिसेल आणि क्लिक केल्यावर भलताच प्रोग्रॅम सुरू होईल. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून ‘एपीके’ आली तर ती ना पत्रिका, ना व्हिडिओ. ते अॅप असतं. कितीही जवळच्या नंबरवरून येवो, उघडायची नाही. आधी फोन करून विचारायचं.

आता ती जुनी फाईल एमपी४ करायची, तर त्या रूपांतरासाठी ‘फ्री कन्व्हर्टर’ म्हणून गूगलवर पहिलं दिसेल ते धरू नकोस. बनावट कन्व्हर्टर साइट्सबद्दल अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयानं मार्च २०२५ मध्ये लोकांना सावध केलं होतं: फाईल बदलून मिळते, सोबत व्हायरसही मिळतो. आणि साइट खरी असली, तरी घरातल्या बायकामुलांचे व्हिडिओ परक्याच्या सर्व्हरवर का चढवायचे?

त्यापेक्षा लॅपटॉपवरच रूपांतर करणारा हँडब्रेक नावाचा प्रोग्रॅम घे, पण त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच. तिथेही डोळे उघडे ठेव. मे २०१७ मध्ये हँडब्रेकच्याच एका डाउनलोड सर्व्हरवर मॅकच्या आवृत्तीऐवजी कुणीतरी ट्रोजन ठेवला होता. साइटवर फाईलचा चेकसम, म्हणजे तिची ओळख पटवणारा आकडा, दिलेला असतो, तो जुळवून बघितला की निर्धास्त.

मावशीच्या लग्नाचं माप मोठं करू नकोस, चित्र सुधारत नाही, फाईल तेवढी फुगते. डबा एमपी४ आणि कोडेक एच.२६४ निवड, बस्स. डीव्हीडीच्या चित्रात हलणाऱ्या माणसांच्या कडेला करवतीसारखे दाते दिसले, तर ‘डिइंटरलेस’ चालू कर. कॅमेऱ्याच्या एमटीएस फाईलीत मात्र बहुधा एच.२६४च असतो, तिथे नुसता डबा बदलला तरी भागतं. एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रॅमला ‘कॉपी’ सांगितलं की ते चटकन होतं आणि चित्राचा दर्जाही उतरत नाही.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: नवी फाईल सुरुवातीला, मधे आणि शेवटी चालवून बघ. मंगलाष्टकांचा आवाज ओठांशी जुळतोय ना, ते ऐक. आणि सगळं ठीक निघालं, तरी मूळ फाईल पुसू नकोस. दोन जागी ठेव, एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. नव्यातून पुन्हा नवं काढलं की दर वेळी थोडं घटतं. मूळ जवळ असेल तर पाच वर्षांनी आणखी चांगलं काही निघालं, तरी तुला पहिल्यापासून करता येईल.