वाघोबाचा शेजार : वारली चित्रे आणि शहरातील निसर्गशिक्षण

मुंबईच्या उत्तरेस सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे केवळ सहलीचे ठिकाण नव्हे. १८६० साली पूर्ण झालेला विहार आणि १८७९ सालचा तुळशी हे तलाव याच डोंगरांच्या कुशीत असून त्यांचे पाणी आजही मुंबईकरांच्या घरी पोहोचते. तथापि नळ उघडताना नागरिकाला या अरण्याचे स्मरण सहसा होत नाही; ते होते वस्तीत बिबट्या दिसल्यावर. भीतीपोटी होणाऱ्या या स्मरणाचे परिचयात रूपांतर कसे करावे? या प्रश्नाचा विचार करताना उद्यानातील व आरे परिसरातील पाड्यांवर राहणाऱ्या वारली समाजाकडे पाहणे उद्बोधक ठरते.

चित्रातील जग

शेणामातीने सारवून गेरूने रंगविलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी एवढ्या साहित्यावर वारली चित्र उभे राहते. विवाहप्रसंगी सुवासिनी लग्नाचा चौक लिहितात. त्यात पालघट देवीची स्थापना होते आणि तिच्याभोवती झाडे, पशुपक्षी व माणसे रेखाटली जातात. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणून जगापुढे मांडली. या चित्रांत माणूस आकाराने लहान असतो. झाड, डोंगर व तारपा-नृत्याचे वर्तुळ यांच्यापासून तो वेगळा काढता येत नाही. पर्यावरणशास्त्र जे परस्परावलंबन शब्दांनी समजावते, ते येथे एका दृष्टिक्षेपात कळते.

वाघोबा

वारली समाज वाघ व बिबट्या या दोघांनाही वाघोबा मानतो. दगडावर किंवा लाकडावर कोरलेल्या, शेंदूर लावलेल्या त्याच्या प्रतिमेजवळ सूर्य-चंद्रही असतात. वाघबारशीला त्याची पूजा होते. या श्रद्धेत भय आहेच. परंतु शेजाऱ्याची वाट व वेळ सांभाळून वागण्याचे भानही आहे.

अनुभवाचा धडा

२००४ साली या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांनी अनेक बळी घेतले. पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडला म्हणजे प्रश्न सुटला, असा तेव्हा समज होता. मात्र जुन्नर भागात पकडलेले बिबटे अन्यत्र सोडल्यावर तेथील हल्ले वाढल्याचे विद्या अत्रेया यांच्या अभ्यासातून दिसून आले. उघड्यावरच्या कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, ही साखळीही स्पष्ट झाली. २०११ पासून वन विभाग, संशोधक व नागरिक यांनी मिळून उद्यानाभोवतीच्या वस्त्यांत जनजागृती हाती घेतली. तरीही २०२१ व २०२२ मध्ये आरे परिसरात हल्ले झाले. सहजीवनाची सावधगिरी एकदा शिकून संपत नाही, हाच याचा अर्थ.

शाळेत व गावात

या ठिकाणी शिक्षकांना कला व परिसर-अभ्यास एकत्र आणता येतात. शाळेच्या एका भिंतीवर विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीचे चित्र काढावे. ओढा, झाडे, कचऱ्याची जागा, कुत्र्यांचा वावर, दिवे नसलेली वाट, शौचालय व लहान मुले खेळतात ते अंगण त्यात दाखवावे. शक्य असल्यास वारली कलाकारास मानधन देऊन बोलवावे. त्याची कला सजावटीपुरती न वापरता तिचा अर्थ त्याच्याच तोंडून ऐकावा. चित्र पूर्ण झाले की धोका कोठे आहे हे मुलांना आपोआप उमगते.

पुढचे काम मोठ्यांचे. कचरा वेळेवर उचलणे, वाटेवर दिवा लावणे, घराजवळ शौचालयाची सोय करणे आणि तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे न सोडणे या गोष्टी नगरपालिका, ग्रामपंचायत व पालक यांच्याच हाती आहेत. मुलांनी भिंतीवर दाखविलेली अंधारी वाट पुढील ग्रामसभेत वा प्रभागाच्या बैठकीत चर्चेला आली, तरच त्या चित्राचे सार्थक होईल.