लाकडाची मांडणी

शेतकऱ्याच्या घरी चार लाकडे जास्तीची असतातच. जुने छप्पर उतरवले, त्याचे वासे निघतात. बांधावरची बाभूळ कापून फळ्या पाडून आणलेल्या असतात. पोराच्या लग्नाआधी एक खण वाढवायचा, म्हणून कोणी सागाची तुळई घेऊन ठेवतो.

आणि हे सारे असते कुठे? गोठ्यामागे, मातीवर पडलेले. दोन पावसाळे जातात. मग घर बांधायला तुळई काढावी, तर वरून धड आणि आतून पोकळ. सुतार बोटाने दाबतो, तर बोट आत जाते. पैका गेला आणि कामही अडले.

हे काम वाळवीचे. ती जमिनीत राहते. कोरडी हवा आणि ऊन तिला सोसत नाही. म्हणून ती मातीची नळी करते आणि तिच्या आडून लाकडाकडे येते. लाकूड मातीलाच टेकले असेल, तर नळी तरी कशाला हवी? खालूनच आत शिरते. आपल्याला पत्ताही लागत नाही. लाकूड उचलून ठेवले, तर तिला उघड्यावरून चढावे लागते. मग नळी दिसते आणि मोडता येते. घरात भांड्यांना मांडणी असते ना? तशीच लाकडालाही करू या.

तिच्यासाठी नवे लाकूड आणू नका. जुन्यातले जाड आणि धड वासे निवडा. बाभळीचे असतील तर साल तासून काढा. सालीखाली भुंगा घर करतो.

५ फुटांचे ६ वासे कापा. दोन वाशांत दीड फूट अंतर ठेवा आणि त्यांना ३ आडकाठ्या जोडा. पहिली पायापासून १ फुटावर, दुसरी अडीच फुटांवर, तिसरी ४ फुटांवर. झाली एक शिडी. अशा ३ शिड्या करा.

आडकाठी नुसती खिळ्यावर लटकवू नका. वाशाला अर्धा इंच खोल खाच पाडा. काठी खाचेत बसवा, मग खिळे ठोका. भार खाचेने धरायचा. खिळ्याने काठी फक्त जागेवर ठेवायची. खाच पाडायचा लोक कंटाळा करतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण तुळई निसटली आणि खाली पोर खेळत असले तर? वाळलेल्या बाभळीत खिळा वाकतो. तिथे आधी गिरमिटाने भोक पाडा.

आता पडवीत, पाऊस लागणार नाही अशा जागी, शिड्या उभ्या करा. भिंतीपासून वीतभर सोडा. दोन शिड्यांत ३ फूट अंतर ठेवा. प्रत्येक पायाखाली सपाट दगड द्या. मागच्या अंगाला वर आणि खाली एकेक लांब रीप ठोका. तिसरी रीप तिरकी ठोका. ती विसरलात, तर भार पडताच मांडणी एका अंगाला कलेल. वरची टोके तारेने भिंतीतल्या खुंटीला बांधा.

दोन शिड्यांवर भागले नसते का? भागले असते, पण लांब फळीला मधे बाक आला असता. बाकलेली फळी दाराच्या कामाची नाही.

जड तुळया खाली ठेवा, फळ्या वर. फळ्यांच्या दोन थरांत बोटभर जाड रिपा घाला, म्हणजे हवा खेळते. या रिपा शिडीच्या बरोबर वर येऊ द्या. ओल्या लाकडाची टोके आधी वाळतात आणि तडकतात. त्यांना डांबर फासा.

मांडणीखाली जागा मोकळी दिसली की कोणीतरी तिथे सरपण ढकलतेच. ते होऊ देऊ नका. अडगळीत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. लाकूड काढताना उजेड घ्या आणि आधी काठीने वाजवा.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी दगड आणि पाय बघा. मातीची बारीक रेघ वर चढलेली दिसली, तर लगेच खरवडून काढा. मग त्या पायावरची लाकडे उतरवून तीही पाहून घ्या.