अंगणातली माती धरणारी वेल

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडकडं पाऊस जोराचा. उतारावरचं अंगण उघडं असलं, की माती ओहोळात जाते अन् घराचं जोतं उघडं पडतं. थंड मुलखात लोक अशा जागी थाइम पसरवतात. त्याला आपल्या ओव्यासारखा वास. पण आपल्या पावसात त्याची मुळं कुजतात.

आम्ही म्हणतो, जलपिंपळी लावा. ओढ्याकाठी सापडते. कोणी म्हणेल, हे तर तण! असू द्या. मृगाच्या सरी आल्या, की वीतभर फांद्या आणाव्या. पेर मातीत दाबावं, तिथंच मुळं फुटतात. वीतवीत अंतर ठेवावं. फुलं बारीक, पांढरी-जांभळी, मधमाश्या येतात. पायाखाली आली तरी मरत नाही. उन्हाळ्यात भांडी विसळल्याचं पाणी सोडावं. मात्र भाजीच्या वाफ्यात शिरली, तर निघता निघत नाही.